उत्तर न आलेल्या विनंत्यांचा हिशेब

१२ एप्रिल २०२५ रोजी, हनुमान जयंतीच्या शनिवारी, देशातील देवघेवीचा कणा बनलेली 'यूपीआय' यंत्रणा काही तास अडखळली. भाजीवाल्यापासून पेट्रोल पंपापर्यंत सर्वत्र मोबाइलच्या पडद्यावर चक्र फिरत राहिले. २६ मार्चपासून ही तिसरी वेळ होती. अशा वेळी 'सर्व्हरवर ताण आला' हे ठरलेले स्पष्टीकरण दिले जाते आणि लोकही ते स्वीकारतात. या खेपेला मात्र ही यंत्रणा चालविणाऱ्या मुंबईतील नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने, म्हणजे एनपीसीआयने, कारणांचा शोध घेतला तेव्हा निराळेच चित्र पुढे आले. ताण होता, पण तो पैसे देणाऱ्यांचा नव्हता. 'मघाच्या व्यवहाराचे काय झाले?' असे पुन:पुन्हा विचारणाऱ्या बँकांच्या संगणकांचा तो होता. काही बँकांच्या यंत्रणा उत्तराची वाट न पाहता चौकशीमागून चौकशी पाठवीत होत्या, जुन्या व्यवहारांबद्दलही विचारीत होत्या, आणि या लोंढ्याला वेळीच अटकाव करण्याची सोय मध्यवर्ती यंत्रणेत पुरेशी नव्हती.

पैसे पोहोचले की नाही, या साध्या प्रश्नाने पैसे पोहोचविणारी यंत्रणाच ठप्प व्हावी, हे वरकरणी विचित्र वाटते. पण गेल्या वीस वर्षांत इंटरनेट ज्या पद्धतीने बांधले गेले, ती पद्धत पाहिली म्हणजे यात नवल वाटण्याचे कारण राहत नाही. एका वेळी अनेक ठिकाणी विनंत्या पाठवायच्या, त्यांच्या उत्तरासाठी न थांबता पुढचे काम चालू ठेवायचे आणि उत्तरे येतील तशी जुळवीत जायची, या तत्त्वावर आजचे प्रत्येक संकेतस्थळ आणि प्रत्येक मोबाइल ॲप उभे आहे. संगणकशास्त्रात याला 'असिंक्रोनस' पद्धत म्हणतात. सगळी उत्तरे वेळेवर आली तर ती अतिशय देखणी असते. एखादे आले नाही तर काय करायचे, याचा विचार मात्र बहुधा काम उरकत आल्यावर, घाईघाईत केला जातो.

आरंभीचे इंटरनेट या बाबतीत साधेभोळे होते. वाचकाने दुव्यावर टिचकी मारली की एक विनंती जात असे आणि एक पान येत असे. आले तर आले, नाही तर पांढरा पडदा. १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररच्या पाचव्या आवृत्तीत पान न बदलता पाठीमागून माहिती मागविण्याची सोय आली. ती मुळात ब्राउझरमधून ई-मेल वाचता यावी म्हणून आउटलूकच्या गटाने करवून घेतली होती. २००४ मधील जीमेल आणि २००५ मधील गुगल मॅप्सने या सोयीची ताकद जगाला दाखविली, आणि फेब्रुवारी २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी या पद्धतीला 'एजॅक्स' हे नाव दिले. तेव्हापासून 'पान' हा शब्दच फसवा झाला. आज प्रवासाचे तिकीट काढण्याचे एखादे पान उघडले, तर रिकाम्या जागा एका संगणकाकडून येतात, भाडे दुसऱ्याकडून, सवलतीचे कूपन तिसऱ्याकडून, प्रवाशाची जुनी माहिती चौथ्याकडून आणि जाहिराती आणखी कुठून तरी. वाचकाला दिसते ते एक पान. प्रत्यक्षात ती पंधरा-वीस स्वतंत्र संभाषणांची गोळाबेरीज असते.

लग्नघराचे उदाहरण घेता येईल. आचारी, मांडववाला, गुरुजी, बँडवाला, फोटोग्राफर, सगळ्यांना एकाच दिवशी निरोप धाडले जातात आणि यजमान दुसऱ्या कामाला लागतात. आयत्या वेळी बँडवाल्याने नकार कळविला तर लग्न मोडत नाही. फोटोग्राफर आला नाही तर पुतण्याच्या हाती कॅमेरा दिला जातो. गुरुजींना ताप आला तर दुसरे गुरुजी शोधावे लागतात, पण मुहूर्त टळण्याची धास्ती असते. वधूपक्षाचाच पत्ता नसेल तर मात्र उरलेल्या साऱ्या तयारीला अर्थ नाही. कोणता नकार सोसता येतो, कोणत्याला पर्याय शोधायचा आणि कोणता आला की सगळेच थांबवायचे, हे यजमानांना कोणी शिकवावे लागत नाही. संगणकाला ते शिकवावे लागते, आणि गोची तिथेच आहे.

वेबच्या जगात सर्वाधिक वापरली जाणारी जावास्क्रिप्ट ही भाषा या प्रश्नाला कशी सामोरी गेली, हे पाहण्यासारखे आहे. तिच्यात 'प्रॉमिस' नावाची संकल्पना आहे. प्रॉमिस म्हणजे अजून हाती न आलेल्या उत्तराची हुंडी: ती आज ना उद्या वटेल किंवा परत येईल. बार्बरा लिस्कोव्ह आणि लिउबा श्रीरा यांनी १९८८ मध्ये याच नावाने मांडलेली ही कल्पना जावास्क्रिप्टच्या अधिकृत प्रमाण आवृत्तीत २०१५ मध्ये समाविष्ट झाली. अनेक हुंड्या एकदम सांभाळण्यासाठी त्याच वेळी 'प्रॉमिस ऑल' ही सोय देण्यात आली. तिचा नियम कडक आहे. सगळी उत्तरे आली तरच यश. एकही नकार आला की तत्क्षणी सगळेच अपयशी. दहापैकी नऊ उत्तरे व्यवस्थित आली आणि दहाव्या, बिनमहत्त्वाच्या विनंतीला नकार मिळाला, तर ती नऊ उत्तरेही प्रोग्रॅमरच्या हाती लागत नाहीत. बँडवाला आला नाही म्हणून लग्न मोडणारा हा यजमान.

या नियमातील दुसरी बाब अधिक गंभीर आहे, आणि पुष्कळ अनुभवी प्रोग्रॅमरांच्याही ती उशिरा ध्यानात येते. एक नकार आल्यावर 'प्रॉमिस ऑल' अपयश जाहीर करते खरे, पण उरलेल्या विनंत्या थांबवीत नाही. त्या केव्हाच रवाना झालेल्या असतात आणि पलीकडच्या संगणकावर त्यांचे काम चालूच राहते. इकडे ग्राहकाला 'काही तरी चुकले, पुन्हा प्रयत्न करा' असा संदेश दिसतो. तिकडे त्याची जागा राखून ठेवली गेलेली असते, कूपन खर्ची पडलेले असते, क्वचित पैसेही वळते झालेले असतात. पाठविलेली विनंती मागे घेण्याची स्वतंत्र सोय ब्राउझरांमध्ये २०१७ पासून येऊ लागली. पण तीही फक्त इकडचे कान बंद करते. पलीकडे निघून गेलेले काम तिने उलटे फिरत नाही.

प्रत्येक विनंतीचा निकाल, मग तो यश असो वा अपयश, स्वतंत्रपणे गोळा करणारी 'ऑल सेटल्ड' ही सोय भाषेच्या प्रमाण आवृत्तीत यायला २०२० उजाडले. मधल्या पाच वर्षांत जगभरच्या प्रोग्रॅमरांनी आपापल्या परीने तिचे पर्याय लिहून काढले होते. त्याआधी जेक्वेरी या लोकप्रिय साधनात २०११ पासून असलेली सोयही पहिल्या नकाराला हात टेकणारीच होती. २०२१ मध्ये 'प्रॉमिस एनी' आली. ती उलट टोकाची: एकाने जरी होकार दिला तरी यश, सगळ्यांनी नकार दिला तरच अपयश. एकच माहिती तीन ठिकाणी उपलब्ध असेल तेव्हा ती उपयोगी पडते.

भाषेने तीन अवजारे दिली म्हणून प्रश्न सुटला असे मात्र झालेले नाही. माहिती मागविण्याच्या 'फेच' या नेहमीच्या सोयीचेच पाहा. पलीकडच्या सर्व्हरने 'असे पान नाही' किंवा 'आत बिघाड आहे' असे उत्तर दिले, म्हणजे ४०४ किंवा ५०० हा क्रमांक पाठविला, तरी 'फेच' ते यशच धरते. तिच्या लेखी उत्तर आले, एवढे पुरे. उत्तरात काय आहे ते तपासणे प्रोग्रॅमरचे काम. टपाल खात्याने पत्र पोहोचविले, पत्रात शिव्या आहेत की आशीर्वाद याच्याशी त्याला कर्तव्य नाही, अशी ही भूमिका. तर्काला धरून ती योग्यच आहे. पण ही तपासणी विसरली गेली की बिघाडाचा मजकूर माहिती म्हणून पुढे सरकतो, आणि पडद्यावर रिकामी यादी किंवा शून्य शिल्लक दिसू लागते. खात्यात शून्य रुपये असणे आणि खात्यातली रक्कम कळू न शकणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. त्या एकसारख्या दाखविणारे ॲप ग्राहकाच्या काळजाचा ठोका चुकवते.

यशापयशाच्या पलीकडची तिसरी अवस्था या सगळ्याहून अवघड आहे. ती म्हणजे शांतता. होकार नाही, नकारही नाही. विनंती पोहोचलीच नाही, पोहोचली पण काम झाले नाही, की काम झाले पण उत्तर वाटेत हरवले, हे पाठविणाऱ्याला बसल्या जागी कळण्याचा कोणताही मार्ग नाही. संगणकशास्त्रात याला 'दोन सेनापतींचा प्रश्न' म्हणतात. हे नाव जिम ग्रे यांच्या १९७८ मधील टिपणांमुळे रूढ झाले. शत्रूच्या दोन बाजूंना असलेल्या दोन सेनापतींना एकाच वेळी हल्ला करायचा आहे, पण निरोप्या वाटेत पकडला जाऊ शकतो. निरोप पोहोचल्याची पोच, त्या पोचेची पोच, असे कितीही वाढविले तरी दोघांनाही पूर्ण खात्री कधीच होत नाही, हे गणिताने सिद्ध झालेले आहे. त्यामुळे अधिक चांगला प्रोग्रॅम लिहून हा प्रश्न संपविता येणार नाही. अनिश्चिततेसह व्यवहार कसा करायचा, एवढेच ठरविता येते.

यूपीआयच्या व्यवहारात ही शांतता पैशाच्या रूपाने समोर येते. ग्राहकाने पिन टाकला की विनंती ॲपच्या बँकेकडून एनपीसीआयकडे जाते, तिथून ग्राहकाच्या बँकेला रक्कम वजा करण्यास सांगितले जाते आणि नंतर दुकानदाराच्या बँकेला जमा करण्यास. उत्तरे उलट वाटेने परत येतात. या साखळीतील कोणतीही कडी गप्प बसू शकते. पैसे वजा झाले आणि दुकानदाराच्या बँकेकडून उत्तर आले नाही, तर व्यवहार 'झाला असे मानून' पुढे जाण्याची आणि नंतर हिशेब जुळविण्याची पद्धत यंत्रणेत आहे. बँकव्यवहाराच्या दृष्टीने ती शहाणपणाची म्हणावी लागेल, कारण उलट गृहीत धरले तर तीच रक्कम ग्राहकालाही परत मिळण्याचा आणि दुकानदारालाही पोहोचण्याचा धोका असतो. पण काउंटरवर उभ्या असलेल्या दोघांसाठी ती क्षणभर शिक्षाच असते. ग्राहकाकडे पैसे कापल्याचा एसएमएस आहे, दुकानदाराचा ध्वनियंत्राचा डबा मुका आहे, आणि दोघेही खरे बोलत आहेत. बहुतेक वेळा ग्राहकच माघार घेतो आणि दुसऱ्यांदा पैसे देतो.

अशा वेळी त्याचे काय, याचे उत्तर रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात दिले आणि १५ ऑक्टोबर २०१९ पासून ते लागू झाले. एका व्यक्तीकडून दुसरीकडे पाठविलेले पैसे खात्यातून गेले पण जमा झाले नाहीत, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप परत आले पाहिजेत. दुकानदाराला दिलेल्या पैशांची खातरजमा झाली नाही, तर व्यवहारानंतर पाच दिवसांत. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई, तीही ग्राहकाने तक्रार करण्याची वाट न पाहता. हा नियम फार कमी लोकांना ठाऊक आहे. तांत्रिकदृष्ट्या पाहिले तर रिझर्व्ह बँकेने इथे प्रोग्रॅमरांना जे जमत नव्हते ते करून टाकले: शांततेला मुदत घातली आणि तिची किंमत ठरविली.

शंभर रुपयांची ही रक्कम किती बँका मनापासून आणि आपणहून देतात, हा स्वतंत्र विषय होईल.

आता पुन्हा १२ एप्रिलकडे. उत्तर आले नाही की माणूस काय करतो? पुन्हा विचारतो. संगणकालाही हेच शिकविलेले असते. एक विनंती फसली तर लगेच दुसरी, मग तिसरी. एकट्या संगणकाने असे केले तर कोणाचे बिघडत नाही. पण पलीकडचा सर्व्हर मंद झाल्यामुळे हजारो संगणकांना एकाच वेळी उत्तर मिळाले नाही, आणि त्या सर्वांनी एकाच वेळी पुन्हा विचारले, तर आधीच धापा टाकणाऱ्या सर्व्हरवर दुप्पट-तिप्पट ओझे पडते. तो आणखी मंद होतो. म्हणून आणखी संगणकांना उत्तर मिळत नाही. म्हणून आणखी विनंत्या येतात. मूळ बिघाड पाच मिनिटांत दुरुस्त झाला तरी विनंत्यांचा हा भोवरा तासन् तास फिरत राहू शकतो.

हे दुखणे नवे नाही. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि बर्कले विद्यापीठ यांच्यातील जोडणीचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून अवघ्या ४० बिटांवर आला होता. दोन्ही ठिकाणांमधले अंतर जेमतेम ४०० यार्ड. चालत जाऊन निरोप दिला असता तर लवकर पोहोचला असता. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ च्या आपल्या निबंधात या कोंडीची मीमांसा केली आणि उपायही सांगितला: उत्तर आले नाही तर वेग वाढवू नका, कमी करा, प्रत्येक अपयशानंतर आधीपेक्षा दुप्पट थांबा. इंटरनेट आजही चालते आहे त्याचे श्रेय या संयमाला आहे. नंतरच्या पिढीने त्यात एक भर घातली. सगळ्यांनी सारखाच वेळ थांबून पुन्हा एकदम गर्दी करू नये म्हणून प्रत्येकाने थांबण्याच्या वेळेत थोडा यदृच्छेचा अंश मिसळावा. लोकल स्थानकात शिरताना दारात उडणारी झुंबड ज्यांनी पाहिली आहे त्यांना या उपायाची महती वेगळी सांगावी लागणार नाही.

मायकेल नायगार्ड यांनी २००७ मधील 'रिलीज इट' या पुस्तकात घराघरांतील विजेच्या एमसीबीसारखी युक्ती लोकप्रिय केली. एखाद्या सेवेकडून ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त अपयशे येऊ लागली की खटका पडावा, काही काळ तिच्याकडे विनंत्या पाठविणेच बंद व्हावे, आणि थोड्या वेळाने एखादी विनंती पाठवून अंदाज घ्यावा. नेटफ्लिक्सने या तत्त्वावरचे आपले साधन २०१२ मध्ये सर्वांसाठी खुले केले. म्हणजे ज्ञान उपलब्ध होते. एप्रिल २०२५ मध्ये जे घडले ते ज्ञानाच्या अभावामुळे घडले असे म्हणता येणार नाही.

भारताला याची एक पूर्वसूचनाही मिळाली होती. २८ एप्रिल २०२१ रोजी दुपारी चार वाजता अठरा वर्षांवरील सर्वांसाठी लसीकरणाची नोंदणी 'कोविन'वर खुली झाली आणि काही मिनिटांतच संकेतस्थळ अडखळू लागले. नंतरच्या आठवड्यांत रिकाम्या जागा शोधण्यासाठी तरुण प्रोग्रॅमरांनी लिहिलेल्या आज्ञावल्या दर काही सेकंदांनी कोविनला 'जागा आहे का' असे विचारू लागल्या. अखेर एका पत्त्यावरून पाच मिनिटांत शंभरच विनंत्या, अशी मर्यादा घालावी लागली. त्या तरुणांचा हेतू चांगला होता, अनेकांना त्यांच्यामुळे लस मिळाली. पण विचारणाऱ्याचा हेतू कोणता, हे सर्व्हरला कळत नाही. त्याला फक्त संख्या कळते.

एप्रिलच्या अनुभवानंतर एनपीसीआयने जी पावले उचलली ती याच तत्त्वांना धरून होती. व्यवहाराच्या स्थितीची चौकशी लगेच न करता ठरावीक काळ थांबूनच करावी आणि दोन तासांत ती तीनपेक्षा अधिक वेळा करू नये, असे बँकांना सांगण्यात आले. १ ऑगस्ट २०२५ पासून ग्राहकालाही एका ॲपमधून दिवसाला ५० वेळाच खात्यातील शिल्लक पाहता येते. दरमहा आपोआप वजा होणारे हप्ते सकाळी १० ते दुपारी १ आणि सायंकाळी ५ ते रात्री ९.३० या गर्दीच्या वेळा टाळून घ्यायचे आणि पहिला प्रयत्न फसला तर आणखी तीनदाच प्रयत्न करायचा, असेही ठरले. वृत्तपत्रांतून चर्चा झाली ती शिल्लक पाहण्याच्या मर्यादेची, कारण ती सर्वांना कळण्याजोगी होती. खरा कणा चौकशीच्या नियमात होता.

त्याआधी १६ जून २०२५ पासून उत्तराची मुदतही आखडली गेली. पैसे पाठविण्याच्या विनंतीसाठी ३० सेकंदांऐवजी १५, चौकशी आणि उलट व्यवहारासाठी ३० ऐवजी १०, पत्त्याच्या पडताळणीसाठी १५ ऐवजी १०. व्यवहार वेगवान होतील, असे त्याचे स्वागत झाले. ते अर्धेच खरे आहे. मुदत कमी केल्याने अडकलेल्या विनंत्या लवकर मोकळ्या होतात आणि यंत्रणेवरचे ओझे हलके होते, यात शंका नाही. पण सोळाव्या सेकंदाला होकार देऊ शकणारी एखादी सहकारी वा ग्रामीण बँक आता 'गप्प' या सदरात जाते. म्हणजे अनिश्चित व्यवहारांचा काही भार मध्यवर्ती यंत्रणेकडून मागास संगणकांच्या बँकांकडे, आणि पर्यायाने त्यांच्या ग्राहकांकडे सरकतो. मुदत किती असावी, हा वरवर तांत्रिक वाटणारा प्रश्न असा वाटणीचाही प्रश्न असतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयवरील व्यवहारांनी महिन्याला दोन हजार कोटींचा टप्पा ओलांडला. यातील हजारात एक व्यवहार जरी अधांतरी राहिला असे धरले, तरी महिन्याला दोन कोटी प्रसंग होतात. एवढ्या मोठ्या आकड्यांत 'क्वचित घडणारे' असे काही उरत नाही.

अपयशाचे प्रकार वेगळे करण्याची शिस्त यूपीआयकडे आहे, हे नमूद केले पाहिजे. चुकीचा पिन, अपुरी शिल्लक यांसारख्या ग्राहकाकडील कारणांनी नाकारलेले व्यवहार आणि बँकेच्या वा एनपीसीआयच्या यंत्रणेतील बिघाडाने फसलेले व्यवहार यांची टक्केवारी बँकनिहाय, दरमहा प्रसिद्ध होते. हा फरक फार मोलाचा आहे. पहिल्या प्रकारात पुन्हा प्रयत्न करणे निरर्थक असते, कारण शिल्लक नसलेल्या खात्याला दहादा विचारून पैसे येत नाहीत. दुसऱ्या प्रकारात थोडे थांबून पुन्हा विचारण्यात अर्थ असतो. दुर्दैवाने कित्येक खासगी संकेतस्थळे दोन्ही अपयशांना एकच मोघम वाक्य चिकटवून मोकळी होतात, आणि ग्राहक बिचारा बटण दाबत बसतो.

त्या बटणाचीही एक कथा आहे. पैसे भरताना 'कृपया बॅक किंवा रिफ्रेश दाबू नका' ही विनवणी प्रत्येकाने वाचलेली असते. ही सूचना म्हणजे, खरे तर, संकेतस्थळाने दिलेली कबुलीच आहे. तीच विनंती दुसऱ्यांदा आली तर ती दुसरी खरेदी नसून पहिल्याच खरेदीची पुनरुक्ती आहे, हे त्याला ओळखता येत नाही. यावरचा उपाय जुना आणि स्वस्त आहे. प्रत्येक व्यवहाराला पाठविणाऱ्यानेच एक अनन्य क्रमांक द्यायचा, आणि तोच क्रमांक पुन्हा दिसला तर काम पुन्हा न करता आधीचेच उत्तर परत करायचे. मग विनंती एकदा येवो वा पाच वेळा, पैसे एकदाच जातात. यूपीआयच्या गाभ्यात असा क्रमांक आहे. त्याच्या आसपास बांधलेल्या कित्येक दुकानांच्या आणि सेवांच्या संकेतस्थळांत तो शेवटपर्यंत सांभाळला जात नाही. तिथे पुन्हा दाबलेले बटण नवा क्रमांक घेऊन निघते.

एकत्र केलेल्या कामांपैकी काही झाली आणि काही फसली, तर झालेली कामे रीतसर उलटी फिरविणे हाही एक मार्ग आहे. हेक्टर गार्सिया-मोलिना आणि केनेथ सेलम यांनी १९८७ मध्ये तो 'सागा' या नावाने मांडला. पुण्याहून गोव्याच्या सहलीसाठी बस मिळाली, हॉटेल मिळाले नाही, तर बसचे आरक्षण रद्द करण्याची विनंती त्याच प्रोग्रॅमने पाठवायची. ऐकायला हे सोपे वाटते. पण रद्द करण्याची विनंतीही एक विनंतीच असते आणि तिलाही उत्तर न येण्याची मुभा असते. शिवाय एसएमएस परत बोलावता येत नाही, आणि रद्द केल्याचे शुल्क कोणी सोसायचे हे प्रोग्रॅमर ठरवू शकत नाही. ते व्यवस्थापनाला ठरवावे लागते, आणि व्यवस्थापनाला हा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही.

मोठ्यातल्या मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. २० ऑक्टोबर २०२५ रोजी, भारतात दिवाळी सुरू असताना दुपारी बाराच्या सुमारास, ॲमेझॉनच्या अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातील संगणक केंद्रांत बिघाड झाला आणि स्नॅपचॅट, सिग्नलसह जगभरच्या असंख्य सेवा कोलमडल्या. ॲमेझॉनच्या 'डायनॅमोडीबी' या माहितीसाठ्याचा पत्ता नोंदविणाऱ्या दोन स्वयंचलित यंत्रणा एकमेकींची वाट न पाहता काम करीत होत्या. एक मंदावली, दुसरी पुढे गेली. मागे पडलेल्या यंत्रणेने जुनी नोंद नव्या नोंदीवर लिहिली आणि पुढच्या यंत्रणेने ती जुनी म्हणून पुसून टाकली. उरली ती कोरी जागा. हा मूळ दोष तीन तासांच्या आत दूर झाला होता. पण दरम्यान भाड्याच्या संगणकांची व्यवस्था पाहणाऱ्या दुसऱ्या यंत्रणेपुढे तुंबलेल्या कामांची एवढी रास साचली, की एक काम पुरे होण्याआधीच त्याची मुदत टळे आणि ते पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभे राही. कंपनीने आपल्या अहवालात यासाठी वापरलेला शब्दप्रयोग जवळजवळ तोच आहे, जो १९८६ च्या बर्कलेतील कोंडीसाठी रूढ झाला होता. अभियंत्यांना अखेर येणाऱ्या कामांना आवर घालावा लागला, काही यंत्रे निवडून बंद करून पुन्हा सुरू करावी लागली, आणि सर्व काही सुरळीत होईपर्यंत भारतात मध्यरात्र उलटून गेली होती. ज्या स्वयंचलित यंत्रणेमुळे हे घडले ती कंपनीने दोष दुरुस्त होईपर्यंत जगभर बंद ठेवली.

पीटर डॉइश यांनी १९९४ मध्ये संगणकांच्या जाळ्याविषयीच्या भ्रामक समजुतींची यादी केली, तिच्यातील पहिलीच समजूत 'जाळे भरवशाचे असते' ही आहे. पुण्या-मुंबईच्या कार्यालयांत उत्तम वेगाच्या जोडणीवर बसून ॲप लिहिणाऱ्या तरुणाला ही समजूत खोटी वाटण्याचे काही कारण नसते. त्याच्या पडद्यावर वीसच्या वीस उत्तरे क्षणार्धात येतात. तेच ॲप कसारा घाटातल्या गाडीत, किंवा बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या गावी उघडले की वीसपैकी चौदा येतात. चाचणीच्या काळात मुद्दाम सहा उत्तरे तोडून पाहण्याची सोय प्रत्येक ब्राउझरमध्ये फुकट उपलब्ध आहे. ती वापरण्यासाठी वेळापत्रकात मात्र दिवस राखून ठेवावा लागतो, आणि ग्राहक कंपनीकडून आलेल्या कामाच्या यादीत 'काय चालले पाहिजे' याच्या ओळी पन्नास असतात, 'काय बंद पडले तर काय दिसले पाहिजे' याची एकही नसते. ती ओळ लिहिण्याची जबाबदारी कोणाची, यावर बहुतेक करारपत्रे अजून गप्प आहेत.